कान्होपात्रा : दारावरून गेलेली दिंडी



आपल्या दिंडीची शंभरी भरली म्हणून हे पुस्तक निघतंय. मंडळाने एका संताचं चरित्र लिहून द्या असं सांगितलं, तेव्हा माउलींवर आणि तुकोबारायांवर लिहिणारे जाणते लोक आपल्यात पुष्कळ आहेत, ते काम त्यांचंच, असं मी म्हणालो आणि कान्होपात्रा मागून घेतली. त्याचं कारण साधं आहे. आपली दिंडी दर आषाढीला मंगळवेढ्यातून पुढे पंढरीला जाते. आणि मंगळवेढ्याची ही लेक संत झाली ती एका दिंडीमुळेच. नामदेवरायांचं घर म्हणजे जनाबाईला सावली होती. सोयराबाईला चोखोबा होते, बहिणाबाईला तुकोबांचा स्वप्नातला अनुग्रह होता. कान्होपात्रेला यातलं काहीच नव्हतं. कुणी कानात मंत्र सांगितला नाही, घरात कुणी माळकरी नव्हतं, उलट घरचा धंदा अगदी दुसऱ्या टोकाचा. तिच्या दारावरून वारकरी भजन करत गेले, ते तिच्या कानावर पडलं, आणि ती घर सोडून त्यांच्यामागे चालू लागली. म्हणून दिंडीच्या पुस्तकात तिचं चरित्र पाहिजेच असं मला वाटतं.

मंगळवेढं म्हणजे पंढरपूरपासून जेमतेम पंचवीस किलोमीटर. काळं रान, ज्वारीचा मुलूख. आज तिथल्या ज्वारीचं नाव सगळीकडे आहे, पण गाव त्याहून फार जुनं. कलचुरी राजांचं ते एके काळी ठाणं होतं. संतांच्या हिशेबात तर या गावाएवढं श्रीमंत गाव शोधून सापडायचं नाही. चोखोबा इथले. गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले, तेही इथेच, 1338 साली. दामाजीपंत इथले. दुष्काळात बादशहाचं धान्याचं कोठार त्यांनी लोकांना उघडून दिलं, ते याच मंगळवेढ्यात. आणि कान्होपात्रा इथली. एक महार, एक ब्राह्मण कारभारी, एक गणिकेची मुलगी. पंढरीच्या वाटेवरचं गाव, दुसरं काय म्हणायचं!

कान्होपात्रेचा काळ पंधराव्या शतकातला. त्या वेळी हा सगळा मुलूख बीदरच्या बहामनी बादशहांच्या अमलाखाली होता. तिच्या आईचं नाव शामा. शामा गावातली नावाजलेली गणिका. घरी पैसा होता, दागदागिने होते, नोकरचाकर होते, मोठमोठ्या लोकांची ये-जा होती. नव्हती ती एकच गोष्ट, गावात मान. तिच्याकडे रात्री येणारा माणूस दिवसा रस्त्यात ओळख दाखवायचा नाही. मुलगी मोठी होऊ लागली तशी शामाने तिला गाणं आणि नाच शिकवायला सुरुवात केली. त्यात शामाला वाईट म्हणण्यात अर्थ नाही. सुताराचा पोर रंधा धरतो, कुंभाराचा चाक फिरवतो, तसं या घरात मुलीच्या पायात चाळ बांधायचे. जगण्याचा दुसरा रस्ता त्या काळाने तिला ठेवलेलाच नव्हता.

कान्होपात्रा शिकली आणि चांगली शिकली. गळा गोड, अंगात ताल, आणि रूप असं की पंचक्रोशीत बोलबाला झाला. आता आईला घाई झाली. महिपतीबुवांनी भक्तिविजयात ही कथा सांगितली आहे, त्यात शामा तिला राजदरबारी घेऊन जायला निघते. राजा खूश झाला की सोनंनाणं, वस्त्रं, जन्माची ददात मिटली. कान्होपात्रेने नकार दिला. माझ्या रूपाच्या तोडीचा पुरुष असेल त्यालाच मी वरीन, आणि असा कुणी मला दिसत नाही, असं तिचं म्हणणं. ऐकणाऱ्याला हा रूपाचा गर्व वाटतो, आणि कदाचित तो असेलही. संतांच्या चरित्रात पहिल्या पानापासून सगळं सोवळं दाखवायची आपल्याला सवय आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो. ती तेव्हा काही विरक्त नव्हती. पण या नकाराच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती. आपल्या गाण्याला आणि अंगाला लावलेला भाव तिला मान्य नव्हता. कुणाला द्यायचं ते कळत नव्हतं, पण विकायचं नाही एवढं पक्कं होतं.

दुसऱ्या एका परंपरेत सदाशिव मालगुजार नावाचा गावचा बडा माणूस येतो. त्याला हिचा नाच बघायचा होता. हिने नाही म्हटल्यावर त्याने मायलेकींना इतका त्रास दिला की घरचं होतं नव्हतं ते गेलं. कथा कशीही ऐका, मुद्दा तोच राहतो. तिच्या कलेचे गिऱ्हाईक पुष्कळ होते आणि नाही म्हणायची किंमत मोठी होती.

आणि मग ती दिंडी आली.

हा प्रसंग मला कितीदा सांगितला तरी पुरा सांगितला असं वाटत नाही. तुम्ही वारी केलेली आहे म्हणून तुमच्या डोळ्यांपुढे आपोआप उभं राहील. धुळीचा रस्ता. पुढे पताका, मधे वीणा, दोन्ही अंगांना टाळ. पाय थकलेले, आवाज बसलेले, पण नाम चालू. कुणाला बरं वाटावं म्हणून ते गात नव्हते. वाटेवर कोण उभं आहे, कुणाचं घर आहे, हेही त्यांच्या ध्यानात नसावं. आणि ओसरीवर ही मुलगी उभी, जिने जन्मल्यापासून गाणं ऐकलं ते फक्त मैफलीचं. त्या गाण्याची रीत तिला पाठ होती. गाणारीने ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे बघत गायचं. तो कुठे डोलतो, कुठे कंटाळतो, खिशाकडे हात केव्हा जातो, हे बघून पुढची तान घ्यायची. तिच्या घरातलं सगळं गाणं कुणाला तरी राजी करण्यासाठी होतं. आणि इथे शेपन्नास माणसं गात चाललेली, कुणाचंही कुणाकडे लक्ष नाही, सूर कुणाचा लागतोय कुणाचा नाही, आणि तरी सगळ्यांच्या तोंडावर असं सुख की ते तिने तिच्या घरी येणाऱ्या एकाही धनिकाच्या तोंडावर पाहिलेलं नव्हतं.

ती खाली उतरली. त्यांना विचारलं की तुम्ही कुठे चाललात आणि एवढ्या आनंदाने कुणाचं गाता. वारकऱ्यांनी पंढरीच्या राजाचं वर्णन केलं, त्याचं रूप सांगितलं, त्याची उदारी सांगितली. रूपाच्या तोडीचा कुणी नाही म्हणणाऱ्या मुलीला पहिल्यांदा कुणाचं तरी नाव मिळालं. मग तिने जे विचारलं ते ध्यानात ठेवण्यासारखं आहे. माझ्यासारखीला तो जवळ करील का, असं तिने विचारलं. आणि त्या वारकऱ्यांनी, त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत, तिची जात विचारली नाही, धंद्यावरून तोंड वाकडं केलं नाही. कुब्जेला त्याने जवळ केलं, अजामिळाला तारलं, मग तुला का टाकील, असं सांगून ते पुढे निघाले. ही घरात गेली, आईचा निरोप घेतला, वीणा घेतली आणि दिंडीच्या मागे लागली.

इथे थोडं आपल्याबद्दल बोलतो. कुणी राग मानू नये.

दोन वर्षांमागे एका मुक्कामाला रात्री हरिपाठ चालू असताना शेजारी कुणीतरी मोठा भोंगा लावला होता. स्वागताचा मंडप, फलक, माणसं भली, चहा-फराळ प्रेमाने देणारी. पण भोंग्यावर सिनेमाच्या गाण्याच्या चालीवर विठ्ठलाचं नाव. आपल्यातलीच तरुण पोरं टाळ खाली ठेवून तिकडे नाचायला गेली, मोबाइल वर धरून. त्यांना मी बोललो नाही. माझाही पाय आधी ठेका धरत होता, खोटं कशाला सांगू. पण नंतर झोप येईना. डोक्यात गाणं फिरत होतं आणि त्यात विठ्ठल नव्हता, पडद्यावरची ती नटी होती. चाल ज्या चित्रावर बसलेली असते ते चित्र ती बरोबर घेऊनच येते, वरचे शब्द कितीही बदला. त्या रात्री मला पहिल्यांदा कान्होपात्रेच्या ओसरीची आठवण झाली. त्या दिवशी मंगळवेढ्यातून असा भोंगा गेला असता तर तिने काय ऐकलं असतं? तेच, जे तिच्या घरात रोज चालायचं. ओसरीवरून ती उतरलीच नसती. उतरायला कारणच काय होतं?

नाच आणि लोकगाणं याचं वारकऱ्याला वावडं नाही, हे मलाही ठाऊक आहे. नाथमहाराजांनी गावातल्या वाघ्या-मुरळी, जोशी, गोंधळी यांची सोंगं घेऊन भारुडं केली. आपण गौळण म्हणतो, पावली खेळतो, फुगडी घालतो. मग फरक कुठे, असं पोरं विचारतात आणि त्यांचं विचारणं बरोबर आहे. मला सुचतं ते एवढंच की नाथांच्या भारुडात सोंग नामाच्या पखाली वाहतं. मुरळी आली की हसता हसता माणूस पांडुरंगापाशी येऊन उभा राहतो. भोंग्यापाशी उलटं झालं होतं. नाम सोंगाच्या पखाली वाहत होतं.

कान्होपात्रेनेही गाणं टाकलं नाही. हे विसरतो आपण. तिने दागिने टाकले, घर टाकलं, चाळ सोडले, पण गळा तोच ठेवला. पंढरीला आल्यावर ती महाद्वारी राहिली. वाळवंटात स्नान, देवाचं दर्शन, आणि दिवसभर नाम. कीर्तन चालू असेल तिथे कडेला बसायची, एकटी असली की स्वतः गायची. नाचलीसुद्धा असेल, पण आता समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. ज्या विद्येचा बाजार व्हायचा होता तीच विद्या नामाला वाहिली. मंगळवेढ्याहून निघताना जशी होती तशीच ती देवापुढे उभी राहिली आणि आपण कोणाच्या पोटी जन्मलो हे तिने कधी लपवलं नाही.

तिच्या अभंगांत हे सगळं आहे. सकल संत गाथेत तिचे तेवीसच अभंग मिळतात. थोडे आहेत, पण एकही पोकळ नाही. आपल्या हीन जातीचा उल्लेख ती स्वतः करते, आणि लगेच नामाचा दाखला देते की ज्या नामाने अजामिळासारखे, वाल्मीकीसारखे तरले ते माझ्या हाती आहे, मग मी का भ्यावं. विठ्ठलाला ती आई म्हणते, कृष्णाई, कान्हाई म्हणते. पुरुषाच्या नजरेखाली वाढलेल्या मुलीला देव आईच्या रूपात भेटावा यात मला मोठी गोष्ट दिसते. कीर्तनात यावर फारसं कुणी बोलत नाही, बोलायला हवं.

या अभंगांचं पुढे काय झालं तेही सांगण्याजोगं आहे. 1931 साली गंधर्व नाटक मंडळीने संत कान्होपात्रा हे नाटक रंगभूमीवर आणलं. ना. वि. कुलकर्णी यांनी लिहिलेलं, संगीत मास्तर कृष्णरावांचं, आणि कान्होपात्रेच्या भूमिकेत बालगंधर्व. तिचे अभंग त्या नाटकातून घरोघर गेले. ज्यांनी कधी गाथा उघडली नव्हती त्यांच्या तोंडी ते बसले, आणि तिचा एक अभंग भैरवीत म्हणून मैफल संपवायची रीत पडली. म्हणजे ज्या मैफलीतून ती निघून गेली त्या मैफलीला शेवटी तिचाच अभंग लागला! नाटकसिनेमा सगळा वाईट असं म्हणणाऱ्याला याचं उत्तर द्यावं लागेल. मला तरी ते वाईट म्हणवत नाही. गाणाऱ्याने शब्दांना धक्का लावला नाही, उलट त्या शब्दांपुढे मान लववली. भोंग्यावरची चाल आणि ती भैरवी यांच्यात हा फरक मला ऐकू येतो. कान लावून ऐकलं तर पोरांनाही येईल.

आता तिच्या शेवटाकडे येतो.

तिच्या रूपाची बातमी बीदरला पोहोचली. कुणी म्हणतात मालगुजारानेच ती पोहोचवली. बादशहाचा हुकूम निघाला आणि शिपाई पंढरपुरात आले. येत नसशील तर बळजबरीने नेऊ, असा निरोप. जी मुलगी आईने सांगून मंगळवेढ्याच्या मैफलीत बसली नाही, तिला आता एका सुलतानाच्या जनानखान्यात नेणार होते. तिच्या बाजूला कुणी राजा नव्हता, भाऊबंद नव्हते, गावही उभं राहिलं असं कथेत कुठे नाही. हे शेवटचं वाक्य लिहिताना मला लाज वाटते, कारण आपणही त्या गर्दीत असतो तर काय केलं असतं कोण जाणे.

तिने शिपायांकडे एकच मागणं केलं. निघण्याआधी देवाला भेटून येते. त्यांनी परवानगी दिली. मंदिराला चौकी बसवलेली, बाई पळून जाणार कुठे, असा त्यांचा हिशेब.

ती आत गेली, पायांवर डोकं ठेवलं. तिथे तिने जी विनवणी केली तिचा आशय तिच्या अभंगात आजही आहे. मी तुझी म्हणवते आणि दुसरा कुणी मला ओढून नेतो, यात कमीपणा कुणाला, तुलाच ना, असा तिचा सवाल. सिंहाच्या वाट्याचं कोल्ह्याने न्यावं का, असं ती देवाला विचारते. रडणं आहे, पण गयावया नाही. हक्काने भांडते. आणि भांडता भांडताच तिचा प्राण गेला. तिच्यातलं तेज विठ्ठलात मिळालं असं महिपतीबुवा सांगतात. पायांपाशी उरला तो देह.

बाहेर शिपाई वाट बघत होते. पुजाऱ्यांनी घाबरून देवळातच दक्षिणेच्या बाजूला तिचा देह पुरला. त्या जागी बघता बघता तरटीचं झाड उगवलं.

पुढची कथा बादशहाची आहे, ती थोडक्यात सांगतो. शिपायांना हे खरं वाटेना. मुख्य पुजाऱ्याला धरून बीदरला नेलं. त्याने प्रसाद म्हणून नेलेल्या नारळात बादशहाला केस दिसला. पुजाऱ्याने भीतीपोटी सांगून टाकलं की तो विठ्ठलाच्या मस्तकाचा आहे. खातरजमा करायला बादशहा स्वतः पंढरीला आला, आणि पाषाणाच्या मूर्तीच्या मस्तकावर त्याला खरोखर कुरळे केस दिसले. तो देवापुढे नमला. कान्होपात्रेला न्यायला ज्याने माणसं धाडली तो शेवटी तिच्याच वाटेने पंढरीला आला, एवढा भाग मला या कथेत आवडतो.

चोखोबांची समाधी महाद्वारात, नामदेवांच्या पायरीसमोर आहे. जिवंतपणी त्यांना आत जाऊ दिलं नाही आणि मेल्यावरही त्यांची हाडं उंबऱ्याबाहेरच राहिली. त्यांच्याच गावची, समाजाने त्यांच्याइतकीच दूर ठेवलेली कान्होपात्रा मात्र देवळाच्या आवारात, आतमध्ये विसावली आहे. हा मान संतमंडळात दुसऱ्या कुणालाही मिळालेला नाही. राजाला नाही, आचार्याला नाही. नाचणारीच्या मुलीला मिळाला.

दर्शनाच्या रांगेत ढकलाढकली असते, पाय सुजलेले असतात, पुढच्याच्या खांद्यापलीकडे काही दिसत नाही, आणि बाहेर पडताना तर जो तो घाईत. तरी आपल्या दिंडीतल्या म्हाताऱ्या माउल्या तरटीपाशी थांबतात. तुळशीचं वृंदावन डोक्यावरून उतरवतात, झाडाला हात लावून तो कपाळाला लावतात. त्यांच्यातल्या एकीला मी एकदा विचारलं होतं की इथे कोण आहे हे ठाऊक आहे का. मंगळवेढ्याची लेक, माहेराला आलेली, असं तिने सांगितलं आणि टाळ वाजवत पुढे गेली.

यंदा मंगळवेढ्याच्या वेशीपासून गावाबाहेर पडेपर्यंत आपण कर्णा बंद ठेवायचा असं ठरलं आहे. वीणा, टाळ, पखवाज आणि नाम एवढंच. ओसरीवर कोण उभं असेल ते आपल्याला दिसणार नाही.